लघवीची नळी कायम ठेवावी, की वेळच्या वेळी घालून काढावी?

पत्र

आम्ही दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातील एका गावात राहतो. दोन वर्षांपूर्वी कापसाची गाठोडी भरलेल्या गाडीवरून पडून माझ्या यजमानांच्या मणक्याला मार लागला. त्यांचे वय ३६ आहे. ऑपरेशन झाले, कागदावर ‘डी-१०’ असे लिहिले आहे. कमरेखाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही, पण हात चांगले आहेत. घरी सोडताना लघवीची नळी आणि पिशवी लावून दिली, ती आजही आहे. एक कंपाउंडर महिन्याला घरी येऊन नळी बदलून देतात. दर दीड-दोन महिन्यांनी थंडी वाजून ताप येतो, मग सलाईन आणि इंजेक्शने. अलीकडे नळीच्या बाजूने गळू लागले म्हणून मोठ्या नंबरची नळी घातली, तरी गळतेच. लघवी कमी व्हावी म्हणून यजमान पाणी प्यायला तयार नसतात. मोठ्या रुग्णालयात दाखवले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, ही नळी काढा आणि दिवसातून चार-पाच वेळा साध्या नळीने लघवी काढायला शिका. गावात सगळे म्हणतात की घरी असे करणे म्हणजे हाताने जंतू आत घालणे. आमचे घर मातीचे, पाणी खारे, दर वेळी नवी नळी परवडणार नाही. सासूबाई घाबरल्या आहेत. यजमान म्हणतात, हे बायकोने करायचे असेल तर मला नको. आम्ही काय करावे?

— एक भगिनी, जि. अमरावती

उत्तर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. मोठ्या रुग्णालयात आपल्याला मिळालेला सल्ला योग्य आहे. ज्याचे हात चांगले आहेत आणि जो आधाराने बसू शकतो, अशा माणसाने ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करावे आणि लगेच नळी काढून घ्यावी, हीच पद्धत आज जगभर पहिली निवड मानली जाते. मातीचे घर, खारे पाणी आणि तुटपुंजी मिळकत यांमुळे थोडी अधिक काळजी घ्यावी लागेल, एवढेच. आणि ही नळी आपण घालायची नाही. ती यजमानांनी स्वतः, स्वतःच्या हाताने घालायची आहे. त्यामुळे त्यांची मुख्य हरकत तेथेच दूर व्हावी.

आता कारणे. डी-१० म्हणजे छातीच्या भागातील दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झालेली आहे. मूत्राशय चालवणारे मज्जातंतूंचे केंद्र त्याच्याही खाली, मज्जारज्जूच्या टोकाकडे असते. ते बहुधा शाबूत राहते, पण त्याचा मेंदूशी असलेला संबंध तुटतो. परिणामी मूत्राशय थोडे भरले की आपोआप आकसू लागते आणि ज्या क्षणी लघवी रोखणारी झडप सैल पडायला हवी, नेमक्या त्याच क्षणी तीही आवळली जाते. आतला दाब वाढतो, मूत्राशयाची भिंत जाड आणि ताठर होत जाते आणि ओढ्याचे तोंड बुजले की पाणी जसे मागच्या शेतात चढते, तशी लघवी मूत्रपिंडांकडे उलटी चढू लागते. यात सर्वांत वाईट गोष्ट अशी की रुग्णाला काहीच दुखत नाही, कारण तेथील संवेदनाच गेलेली असते. मूत्रपिंडे वर्षानुवर्षे निमूटपणे खराब होत राहतात आणि घरच्यांना कळते तेव्हा गोष्ट डायलिसिसपर्यंत गेलेली असते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला इजा झालेली बहुतेक माणसे थोड्याच काळात दगावत आणि त्यांतील पुष्कळांचा मृत्यू लघवीच्या संसर्गाने आणि अंथरुणातील जखमांनी होई. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि मूत्राशयाची व त्वचेची नेटकी निगा राखली तर ही माणसे दीर्घकाळ जगतात, हे दाखवून दिले. तेथे नळी वेळच्या वेळी घातली जाई, पण सगळे निर्जंतुक साहित्य वापरून, शस्त्रक्रियेसारख्या शिस्तीने. आपल्याकडच्या घरात ते शक्य नव्हते. पुढे १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी मांडले की निर्जंतुक साहित्याची गरज नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ धुतलेली नळी पुरेशी आहे. त्यांचे म्हणणे असे होते की मूत्राशय ताणले गेले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो, भिंतीची प्रतिकारशक्ती घटते आणि मगच जंतू डोके वर काढतात. म्हणून वेळेवर रिकामे करणे हे निर्जंतुकतेपेक्षा अधिक महत्त्वाचे. त्या काळी अनेक डॉक्टरांना हे पटले नव्हते; आज आपल्या गावात जी शंका घेतली जाते, तीच शंका तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांनी घेतली होती. ही पद्धत त्या शंकेला पुरून उरली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली मज्जारज्जूच्या दुखापतीवर प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की अशा व्यक्तींना अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या दुप्पट ते पाचपट असतो आणि गरीब देशांत तो अधिक असतो. श्रीमंत देशांत मूत्रपिंडे निकामी होऊन होणारे मृत्यू पुष्कळ घटले. आपल्याकडे ते अजून घडतात. हे अंतर केवळ महागड्या यंत्रांमुळे पडलेले आहे असे मला वाटत नाही. रुग्णाला घरी सोडताना कोणी तासभर त्याच्याजवळ बसून ही पद्धत शिकवली नाही, कायमची नळी लावून निरोप दिला, हेही त्याचे एक मोठे कारण आहे. ताई, आपल्या घरी हेच घडले आहे आणि त्यात आपला काहीही दोष नाही.

जंतूंविषयी आपल्या मनात जी भीती आहे, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कायमची नळी आत राहिली की साधारण महिन्याभरात जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ते नळीच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागावर बुळबुळीत थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. म्हणजे जंतू आत जाऊ नयेत म्हणून जी नळी आपण ठेवून घेतली आहे, तीच त्यांचे कायमचे घर झालेली आहे. वेळच्या वेळी नळी घालणाऱ्यांच्या लघवीतही जंतू आढळतात, पण तेथे त्यांना धरून बसायला जागा उरत नाही आणि मूत्राशय दिवसातून अनेक वेळा धुऊन निघाल्यासारखे रिकामे होते. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ताप नाही, थंडी नाही, तब्येत नेहमीसारखी आहे, तर केवळ लघवी गढूळ दिसते किंवा तपासणीत पस सेल (पूच्या पेशी) आले एवढ्यावरून अँटिबायोटिक घेऊ नये. अशा गोळ्या वारंवार घेतल्या की जंतू त्यांना दाद देईनासे होतात आणि खरोखर गरज पडते तेव्हा महागडी इंजेक्शने सोडून दुसरे काही लागू पडत नाही.

नळीच्या बाजूने गळते म्हणून मोठ्या नंबरची नळी घालणे, ही चूक आपल्याकडे सर्रास होते. गळण्याचे कारण बहुधा नळी लहान असणे हे नसते. नळीत क्षार साचून ती तुंबलेली असते, किंवा मूत्राशय झटके देऊन आकसत असते, किंवा आत खडा झालेला असतो, किंवा पोट साफ नसल्यामुळे मोठे आतडे मूत्राशयावर दाबत असते. मोठी नळी या कशावरही उपाय नाही. उलट तिच्यामुळे मूत्रमार्ग ताणला जातो आणि पुरुषांमध्ये शिश्नाच्या टोकाशी खालच्या बाजूने चीर पडत जाते. आज रात्रीच उजेडात ती जागा पाहून घ्या. जोपर्यंत ही नळी आहे, तोपर्यंत ती पोटाच्या खालच्या भागाला पट्टीने चिकटवून ठेवा म्हणजे ओढ बसणार नाही, पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा, आणि कोणी ‘सवय लागावी’ म्हणून नळीला चिमटा लावून ठेवायला सांगितले तर ते ऐकू नका.

आता पहिले पाऊल. नळी घरी उपटून टाकून उद्यापासून प्रयोग सुरू करायचा नाही. आधी मूत्रपिंडांची आणि मूत्राशयाची सोनोग्राफी, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा आकडा) आणि लघवीचे कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी) या तपासण्या करून घ्याव्यात. आपल्याला अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, ज्याला सगळे ‘सुपर स्पेशालिटी’ म्हणतात, ते जवळ पडेल; अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचे एम्स येथेही जाता येईल. क्रिएटिनिनचा आकडा ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त राहू नका. क्रिएटिनिन हे स्नायूंपासून तयार होते आणि पायांचे स्नायू वाळल्यामुळे अशा रुग्णांत मुळातच कमी असते, त्यामुळे मूत्रपिंडे बरीच खराब होईपर्यंत तो आकडा चांगलाच दिसू शकतो. सोनोग्राफीत मूत्रपिंडे फुगलेली नाहीत ना, मूत्राशयात खडा नाही ना, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. खडा असेल तर तो आधी काढावा लागेल. सोय असेल तेथे मूत्राशयातील दाब मोजणारी यूरोडायनॅमिक तपासणी करून घ्यावी. मग दोन-तीन दिवस रुग्णालयात राहून, परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली यजमानांनी स्वतःच्या हाताने नळी घालण्याचा सराव करावा. त्यांच्यासमोर पुतळ्यावर किंवा दुसऱ्या रुग्णावर दाखवून ‘समजले ना’ असे विचारले, तर ते शिकवणे नव्हे. सगळी कृती त्यांनी स्वतः, न अडखळता करून दाखवेपर्यंत तेथून निघू नका.

ही कृती कशी असते ते लिहितो, म्हणजे मनातील धास्ती कमी होईल. खाटेवर पाठीला टेकू देऊन, पाय फाकवून बसायचे. साबण, पाण्याचा तांब्या, धुतलेला पंचा, जेली, नळी आणि लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली हाताशी ठेवायची. बाटलीवर आधीच मोजमापाच्या खुणा करून ठेवाव्यात. हात साबणाने, बोटांच्या बेचक्या आणि नखे यांसह नीट धुवायचे आणि स्वच्छ कापडाला पुसायचे. शिश्नाची कातडी मागे सरकवून टोक साबणपाण्याने धुवायचे. नळीच्या पुढच्या बोटभर भागाला पाण्यात विरघळणारी जेली लावायची. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचे नाही. शिश्न पोटाच्या दिशेने वर धरले की मूत्रमार्गाचे वळण सरळ होते. मग नळी हळूहळू आत सरकवायची. साधारण वीतभर आत गेल्यावर एके ठिकाणी अडल्यासारखे वाटते. तीच ती आवळलेली झडप. तेथे जोर लावायचा नाही. नळी तशीच धरून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि हलका दाब कायम ठेवायचा. थोड्या वेळात झडप सैल पडते आणि नळी पुढे जाते. लघवी येऊ लागली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत न्यायची आणि धार थांबेपर्यंत वाट पाहायची. काढताना सावकाश काढायची, मध्ये पुन्हा धार आली तर तेथे थांबायचे, कारण तळाशी उरलेली लघवीच पुढे त्रास देते. शेवटी मागे सरकवलेली कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणायची. ती मागेच राहिली तर टोकाला सूज येऊन नवे संकट उभे राहते. पहिल्या काही दिवसांत रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. रक्त सतत येत असेल, गुठळ्या पडत असतील, किंवा मूत्राशय भरलेले असून नळी आत जातच नसेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठा.

खर्चाविषयी आपण लिहिले आहे, ते अगदी खरे आहे. प्रौढ पुरुषाला साधारणपणे १२ किंवा १४ नंबरची साधी नेलॅटन नळी लागते. पाकिटावर ‘एकदाच वापरावी’ असे छापलेले असते आणि ज्याला परवडते त्याने तसेच करावे. ज्याला परवडत नाही त्याने तीच नळी धुऊन पुन्हा वापरावी. गरीब देशांतील असंख्य माणसे अनेक वर्षे असेच करत आली आहेत आणि कायमच्या नळीपेक्षा ते निश्चितच चांगले आहे. वापर होताच नळी आतून-बाहेरून साबणपाण्याने धुवावी, एका टोकातून जोराने पाणी सोडून आतली पोकळी स्वच्छ करावी आणि लगेच झटकून वाळवावी. वापर होताच धुणे आणि पूर्ण कोरडी करणे, यांतच सगळे सार आहे, कारण कोरड्या नळीवर जंतू फार काळ टिकत नाहीत. आपल्याकडच्या खाऱ्या पाण्याने साबणाला फेस नीट येत नाही आणि वाळल्यावर नळीच्या आत पांढरट थर राहतो. म्हणून शेवटचे धुणे पिण्याच्या गोड्या पाण्याने, म्हणजे नळयोजनेच्या किंवा कॅनच्या पाण्याने करावे. एका वेळेला एखादा पेला पाणी पुरते. वाळवताना नळी घरातच, स्वच्छ फडक्याखाली टांगावी. अंगणात उन्हात टाकली तर धूळ बसते आणि नळी कडक होते. वाळल्यावर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी आणि त्या डब्यात दुसरे काही ठेवू नये. प्लॅस्टिकची नळी उकळू नये, ती मऊ पडून वाकते. दोन-तीन नळ्या आलटून पालटून वापराव्यात म्हणजे प्रत्येकीला वाळायला वेळ मिळतो. नळी ताठर झाली, गढूळ दिसू लागली, टोकाशी खरखरीत लागली की ती फेकावी. आठवड्याभराने तर बदलावीच, असा नियम मी सांगतो. आणि एकाची नळी दुसऱ्याने कधीही वापरू नये.

पाणी कमी पिण्याची सवय मात्र लगेच सोडायला हवी. दाट लघवीत क्षार बसतात, खडे होतात आणि नळी तुंबते. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी, एकदम न पिता थोडे थोडे प्यावे आणि संध्याकाळी सातनंतर कमी करावे. उन्हाळ्यात, पारा ४५च्या आसपास असताना, हा हिशेब बदलतो. तेव्हा पाणी वाढवावे आणि त्या प्रमाणात नळी घालण्याच्या वेळाही वाढवाव्यात. नियम आकड्याचा आहे, घड्याळाचा नाही: एका वेळेला निघालेली लघवी ४०० मिलिलिटरच्या आसपास असावी, ५००च्या वर जाऊ नये. सुरुवातीला दर चार तासांनी नळी घालावी, प्रत्येक वेळचे माप लिहावे आणि त्यावरून वेळा पुढे-मागे कराव्यात. दिवसभर बसून राहिल्याने पायांत पाणी उतरते आणि रात्री आडवे झाल्यावर तेच लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे रात्री मूत्राशय अनपेक्षितपणे लवकर भरते. यावर उपाय असा की संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावे आणि झोपण्यापूर्वी मूत्राशय रिकामे करावे.

दोन वेळांच्या मध्ये गळत असेल, तर मूत्राशय फार चिडचिडे आहे असे समजावे. त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन किंवा सोलिफेनॅसिन यांसारखी औषधे डॉक्टर देतात. ती मूत्राशय शांत करतात आणि आतला दाब कमी करून मूत्रपिंडांनाही जपतात, म्हणून गळणे थांबले तरी डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. त्यांनी तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही आणि घाम कमी येतो. शेवटची गोष्ट विदर्भातील उन्हाळ्यात महत्त्वाची आहे: आधीच इजेच्या खालच्या भागाला घाम नीट येत नाही, त्यात हे औषध, म्हणजे दुपारच्या उन्हात त्यांना बाहेर बसवू नका आणि ओले फडके हाताशी ठेवा. पोट दाबून लघवी काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. झडप आवळलेली असताना वरून दाबले की लघवी मूत्रपिंडांकडे जाते.

थंडी वाजून ताप आला, पाठीत किंवा बरगडीखाली दुखल्यासारखे वाटले, पायांचे झटके एकाएकी वाढले, उलट्या होऊ लागल्या किंवा माणूस गुंगीत गेला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर पाठवायला सांगावे. कायमची नळी अजून असेल तर ती आधी बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा, कारण जुन्या नळीतील जंतूंमुळे खऱ्या जंतूविषयी दिशाभूल होते. आणि काहीही न होता बरे चालले असले, तरी वर्षातून एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना येथेच करतो. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर आहे, त्यांना मूत्राशय तुंबले तर एकदम डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम फुटतो आणि रक्तदाब धोकादायकरीत्या चढतो. अशा वेळी रुग्णाला झोपवू नये. उठून बसवावे, कपडे सैल करावेत आणि ताबडतोब मूत्राशय मोकळे करावे. नळी असेल तर ती कोठे मुडपली आहे का ते पाहावे. ज्यांचे हात चालत नाहीत आणि दिवसभर कोणी सोबत नसते, किंवा ज्यांचा मूत्रमार्ग आखडला आहे, त्यांना पोटाच्या खालच्या भागातून मूत्राशयात बसवलेली नळी अधिक सोयीची पडू शकते. ताई, आपल्या यजमानांना हे दोन्ही लागू नाही.

आता त्यांच्या मनाविषयी. बायकोने हे करायचे असेल तर मला नको, या त्यांच्या बोलण्यात मला हट्ट दिसत नाही. दोन वर्षे ज्या माणसाच्या शरीराचा खाजगी भाग कोणीही येऊन पाहतो, हाताळतो, त्याच्याकडे एवढा तरी नकार शिल्लक राहिला आहे, याचे मला समाधान वाटते. त्या नकाराचा आदर करा आणि नळी त्यांच्या हाती द्या. सुरुवातीला आपण साहित्य आणून ठेवा आणि दार लोटून बाहेर जा. सासूबाईंना रुग्णालयात सोबत न्या आणि जे त्यांना सांगायचे ते डॉक्टरांच्या तोंडून सांगू द्या. मुलाच्या काळजीने घाबरलेल्या आईला सुनेने समजावण्यापेक्षा ते सोपे जाते. शक्य झाल्यास व्हीलचेअरवर असलेला आणि ही पद्धत वापरणारा एखादा माणूस त्यांना भेटवून द्या, रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात विचारले तर कोणी तरी सापडते. त्याच्याशी झालेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे होईल ते माझ्या पत्राने होणार नाही. आपण विचारले नाही तरी लिहितो: कायमची नळी निघाल्यावर पती-पत्नी म्हणून आपली जवळीकही पुन्हा सुकर होते, आणि मूल हवे असेल तर त्याविषयीही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येते. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

खर्चासाठी काही वाटा आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना लाभ मिळतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) अजून काढले नसेल तर जिल्हा रुग्णालयातून ते आधी काढा, कारण पुढचे सगळे त्यावरच अडते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना लेखी अर्ज देऊन नळ्या, जेली आणि साबण यांसाठी दरमहा मदत मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. अनेक गावांत ही रक्कम वर्षाअखेरीस घाईने भांडी-चादरी वाटून संपवली जाते. नळ्यांनी एका माणसाची मूत्रपिंडे वाचतात, हे ग्रामसभेत उभे राहून सांगायला लाजू नका. आशाताईंना सोबत घेतले तर त्या दुजोरा देतील.

रुग्णालयातून परतल्यावर एक वही करा. तीत तारीख, नळी घालण्याची वेळ, निघालेल्या लघवीचे माप, प्यायलेले पाणी आणि मध्ये गळाले असल्यास तसे, एवढेच यजमानांनी स्वतःच्या अक्षरात लिहावे. पहिल्या पंधरवड्याची पाने आणि सोनोग्राफीच्या अहवालाची प्रत मला पाठवा. वेळा कशा बसवायच्या, औषधाविषयी डॉक्टरांना काय विचारायचे, हे ती पाने पाहून लिहीन.